कादंबरीत न आलेले पान

मनिला हे नाव वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांना परके नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया मनिला येथेच फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेथूनच जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. परंतु ज्या देशात या संताच्या व्रतस्थ जीवनाला आरंभ झाला, त्या फिलिपाईन्सचे साहित्य आपल्या घरांत क्वचितच वाचले जाते. होसे रिझाल यांच्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या कादंबरीविषयी आपल्यापैकी ज्यांनी काही ऐकले असेल, त्यांनी बहुधा एवढेच ऐकले असेल की ती मठवासी धर्मगुरूंच्या विरोधात लिहिलेली आहे.

या कादंबरीचा समग्र विचार करण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यातील एका शेतकऱ्याची कथा, तिच्या लेखकाने पुढे प्रत्यक्ष आयुष्यात केलेले एक काम, आणि त्या देशातील शेतकऱ्यांनी नंतरच्या काळात शोधलेल्या काही वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच मर्यादित उद्देश आहे. आमचे म्हणणे असे की ही कथा अपुरी आहे. तिचे राहिलेले पान रिझाल यांनी पुढे लिहिले, पण ते कादंबरीत नव्हे.

कादंबरी १८९१ च्या सप्टेंबरात बेल्जियममधील घेंट येथे छापून प्रसिद्ध झाली. 'नोली मे तांगेरे' या १८८७ च्या कादंबरीचा हा उत्तरार्ध. तिची अर्पणपत्रिका पाहिली की 'धर्मविरोधी पुस्तक' हा शिक्का थोडा सैल होतो, कारण ती तीन कॅथलिक धर्मगुरूंना अर्पण केलेली आहे. फादर मारियानो गोमेझ, फादर होसे बुर्गोस आणि फादर हासिंतो झामोरा यांना स्पॅनिश सरकारने बंडाच्या आरोपावरून १७ फेब्रुवारी १८७२ रोजी देहान्त शासन दिले होते. ज्याने आपले पुस्तक तीन धर्मगुरूंच्या स्मृतीला वाहिले, त्याचे भांडण धर्मगुरुपदाशी नव्हते. ते कशाशी होते हे कबेसांग तालेसच्या कथेत कळते.

तालेस हा साधा, शांत प्रकृतीचा शेतकरी. गावाच्या कडेला असलेले रान कोणाचेच नाही अशा समजुतीने तो वडील, बायको आणि मुलांसह ते साफ करतो. चिखल उपसावा लागतो, तापाची साथ येते, बायको आणि थोरली मुलगी लुसिया त्या तापात जातात. जमीन मात्र तयार होते. पहिले पीक हाती येण्याच्या सुमारास शेजारच्या गावात जमीनजुमला असलेला एक मठवासी संघ पुढे येतो आणि हे रान आमच्या हद्दीतले असे सांगतो. खंड मागितला जातो तो अगदी थोडा, वर्षाला वीस-तीस पेसो. तालेस मान्य करतो. पुढे खंड वाढतो, पुन्हा वाढतो, पन्नासावर जातो आणि अखेर दोनशेवर पोचतो. मध्यंतरी तालेसला 'काबेसा दे बारांगाय' नेमले जाते. हा मान म्हणजे वस्तीचा कर गोळा करायचा, आणि जो मेला किंवा पळून गेला त्याचा कर आपल्या पदरचा भरायचा.

या भागातील रिझाल यांची लेखणी आम्हांला विशेष आवडते, कारण ती आवाज चढवीत नाही. तालेसचा वृद्ध बाप, तांदांग सेलो, प्रत्येक वाढीच्या वेळी मुलाला सबुरी सांगतो. ते पैसे पाण्यात पडले आणि मगरीने गिळले असे समज, म्हणतो. खंड वाढला की मगर मोठी झाली, तिचे सगेसोयरेही जेवायला आले असे समज, म्हणतो. वाचक पहिल्यांदा हसतो, दुसऱ्यांदा थोडे कमी हसतो, तिसऱ्यांदा हसत नाही. सेलोच्या सबुरीत अजिबात ढोंग नाही; ती अनेक पिढ्यांनी मार खाऊन मिळवलेली समजूत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडीही अशीच वाक्ये असत. रिझाल त्या म्हाताऱ्याची चेष्टा करीत नाहीत, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे असेही म्हणत नाहीत.

एक दिवस तालेस देणे नाकारतो. जमिनीचा कागद दाखवा, नाहीतर जो हे शेत माझ्यासारखे रक्ताने भिजवील, जो यात आपली बायको आणि मुलगी पुरील, त्यालाच मी ते देईन, असा त्याचा जबाब असतो. तो खटला लढतो आणि त्यात सारी पुंजी घालवतो. न्याय देणाऱ्यांना खाजगीत त्याची बाजू पटते, परंतु नोकरीची भीती असते. मुलगा तानो सक्तीच्या लष्करभरतीत नेला जातो. तालेस बंदूक घेऊन शेताची राखण करतो. बंदुकीला बंदी येते. तो कोयता घेतो. त्यालाही बंदी येते. तो कुऱ्हाड घेतो. मग दरोडेखोर त्याला पळवून नेतात आणि खंडणी मागतात. ती भरण्यासाठी मुलगी हुली नाताळच्या दिवशी दुसऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून जाते, आणि त्याच दिवशी म्हाताऱ्या सेलोची वाचा बसते. सुटून आलेला तालेस पाहतो तो बाप मुका, मुलगी चाकरीत, आणि घर-शेत रिकामे करण्याचा कोर्टाचा हुकूम समोर. तो बापाशेजारी बसतो आणि दिवसभर बोलत नाही. संबंध कादंबरीत याहून अधिक बोलके असे फार थोडे आहे.

पुढचे सारे या मौनातून येते. बदल्याच्या हेतूने देशात परतलेला सिमून नावाचा जवाहिऱ्या त्या घरी मुक्कामाला येतो. तालेस त्याचे पिस्तूल घेतो आणि बदल्यात घरातील एक मौल्यवान पदक ठेवून दरोडेखोरांना जाऊन मिळतो. त्याच रात्री मठाचा जमीन-कारभारी आणि शेत नव्याने खंडाने घेणारा शेतकरी यांचे खून होतात. त्या शेतकऱ्याची बायकोही मारली जाते, आणि तिच्या तोंडात माती कोंबलेली सापडते. या स्त्रीचा अपराध काय, हे रिझाल सांगत नाहीत. तिचा अपराध काहीच नव्हता. पीडिताच्या हातूनही निरपराधाचा बळी जातो, हे लेखकाने लपवले नाही, आणि म्हणूनच त्याची नैतिक दृष्टी आम्हांला विश्वसनीय वाटते. कादंबरीच्या अखेरीस सैनिक झालेला तानो स्वतःच्याच आजोबावर, नकळत, गोळी झाडतो.

हे सारे वाचताना बायबलच्या वाचकाला नाबोथाचा द्राक्षमळा आठवल्यावाचून राहत नाही. राजा अहाबालाही मळाच हवा होता, आणि तेथेही कायद्याचे सारे सोपस्कार पार पाडूनच नाबोथाला मारले गेले. फरक एवढाच की नाबोथाच्या बाजूने बोलायला संदेष्टा एलिया आला. तालेसच्या बाजूने कोणीच आले नाही. इतिहासातील एक योगायोगही येथे नोंदवावासा वाटतो. पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र १५ मे १८९१ रोजी निघाले, म्हणजे या कादंबरीच्या चारच महिने आधी. जो जमीन कसतो तो तिच्यावर आपल्या व्यक्तित्वाचा ठसा उमटवतो आणि म्हणून ती त्याची असणे न्याय्य आहे, हा विचार त्या पत्रात आहे. श्रमिकांना संघटित होण्याचा हक्क आहे, हा दुसरा विचारही त्यात आहे. यांपैकी पहिला विचार तालेसने आपल्या भाषेत न्यायाधीशांना ऐकवला होता. दुसरा मात्र त्याला कधी सुचलाच नाही, आणि आमच्या मते त्याच्या शोकांतिकेचे मूळ येथे आहे.

कथा पुन्हा वाचून पाहावी. रान साफ करताना तालेसजवळ फक्त त्याचे कुटुंब आहे. खटल्यात तो एकटा, राखणीत एकटा, सूड घेतानाही एकटा. त्याच्याच गावात आणखी खंडकरी असणार, त्यांचाही खंड वाढत असणार. पण ते कादंबरीत येतात ते हळहळणारे किंवा त्याला वेड्यात काढणारे शेजारी म्हणूनच. त्या संघाच्या सगळ्या खंडकऱ्यांनी एका दिवशी, एका तोंडाने 'कागद दाखवा' असे म्हटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही.

आश्चर्य असे की लेखकाला याचे उत्तर घरातच माहीत होते. रिझाल यांचे कुटुंब कालांबा या गावी दोमिनिकन संघाच्या जमिनीवर खंडकरी होते. १८८७ च्या सुमारास तेथे खंडाचा वाद पेटला, गावकऱ्यांनी मिळून सरकारकडे अहवाल दिला, सह्या केल्या, खटला वरच्या न्यायालयापर्यंत नेला. १८९०-९१ मध्ये गव्हर्नर वेलर याने सैन्य आणून घरे रिकामी केली. रिझाल यांचे थोरले बंधू पासियानो आणि मेहुणे यांना मिंदोरो बेटावर हद्दपार केले गेले. दहाव्या प्रकरणाच्या शेवटी तर रिझाल कादंबरीचा पडदा बाजूला सारून कालांबाच्या लोकांना नावे घेऊन हाक मारतात: तुमच्यापैकी कोणाचे नाव तालेस नाही, तुम्ही कोणाचा खून केला नाही, असे ते त्यांना सांगतात. काही समीक्षकांना हा रसभंग वाटेल. आम्हांला तो त्या पुस्तकातील सर्वांत धीट क्षण वाटतो. पण त्यातून हेही स्पष्ट होते की खरे कालांबा एकत्र लढले होते, आणि कादंबरीतला तालेस एकट्याने लढतो. कलेच्या दृष्टीने एकटा माणूस सोयीचा असतो. वाचकाची करुणा एका ठिकाणी साठते. पण या सोयीची किंमत मोठी आहे.

आणखी एक गोष्ट या कथेतून गाळली गेली आहे, आणि ती सांगणे समीक्षेचे कर्तव्य आहे. रिझाल यांचे कुटुंब लहान शेतकरी नव्हते. ते मोठे खंडकरी होते, आणि अशा खंडकऱ्यांच्या हाताखाली 'कसामा' म्हणून ओळखले जाणारे वाटेकरी प्रत्यक्ष नांगर धरीत. म्हणजे मठ, खंडकरी आणि वाटेकरी अशी तीन पायऱ्यांची शिडी होती. कादंबरीत मधली पायरी नाहीशी होते. तालेस स्वतःच कसतो, स्वतःच खंड भरतो. त्यामुळे अन्याय करणारा एकच दिसतो. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा धर्माधिकारी, सरकारी कामगार आणि सावकार यांचे थर त्यांनी एकेक करून उलगडले. रिझाल यांची प्रतिभा ललित आहे, म्हणून ती अधिक हेलावते. फुल्यांची मांडणी या बाबतीत अधिक पूर्ण आहे.

मठवासी धर्मगुरूंवरील टीकेबद्दल आमच्या वाचकांच्या मनात अवघडलेपण असेल तर ते समजण्यासारखे आहे. खुद्द फिलिपाईन्समध्ये १९५६ साली रिझाल यांच्या कादंबऱ्या शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवण्याचा कायदा आला तेव्हा तेथील धर्माध्यक्षांनी त्याला जोरदार विरोध केला होता. अखेर, धार्मिक श्रद्धेच्या कारणास्तव संपूर्ण आवृत्ती वाचण्यातून सूट मागण्याची तरतूद ठेवून कायदा संमत झाला. आज त्या देशातील बहुसंख्य कॅथलिक मुले ही पुस्तके वाचूनच मोठी होतात, आणि त्यामुळे तेथील देवळे रिकामी झाली असे कोणी म्हणणार नाही. कादंबरीचा शेवटही वाचावा. मरणोन्मुख सिमून आपले निवेदन करतो ते एका देशी धर्मगुरूपुढे, फादर फ्लोरेंतिनो यांच्यापुढे. आणि लेखकाचा शेवटचा शब्द त्यांच्याच मुखी आहे. द्वेषातून स्वातंत्र्य जन्माला येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे.

तरीही तालेसला या दोघांपैकी कोणाचाच उपयोग नाही. सिमूनने त्याला पिस्तूल दिले असते, फादर फ्लोरेंतिनो यांनी सांत्वन. त्याला हवे होते बियाणे, खेळते भांडवल, वकील आणि शंभर शेजारी.

जुलै १८९२ मध्ये रिझाल यांना मिंदानाओ बेटावरील दापितान या दूरच्या गावी हद्दपार करण्यात आले. तेथे ते चार वर्षे राहिले. येशूसंघीय फादर सांचेझ, जे त्यांचे बालपणीचे शिक्षक होते, तेथे आले. गुरुशिष्यांनी मिळून गावाच्या चौकात मिंदानाओचा मातीचा उठावदार नकाशा तयार केला. रिझाल यांनी डोळ्यांचे रोगी तपासले, मुलांना शिकवले, गावासाठी पाण्याची योजना केली. ताग्यासारखा धागा देणारी अबाका, नारळ, ऊस, मका, कॉफी, कोको यांची लागवड केली. आणि १ जानेवारी १८९५ रोजी त्यांनी दापितानच्या शेतकऱ्यांची एक मंडळी स्थापन केली. मालाचा दर्जा सुधारणे, त्याला बाहेर चांगली बाजारपेठ मिळवणे, खरेदीसाठी सभासदांकडून निधी जमवणे, आणि जीवनावश्यक वस्तू माफक दराने देणारे दुकान चालवणे, असे तिचे उद्देश होते.

कादंबरीत न आलेले पान ते हेच. ज्याने 'तालेस' लिहिला त्याने साडेतीन वर्षांनी सहकारी मंडळीची नियमावली लिहावी, याला आम्ही त्याच्या विचारांची वाढ मानतो. अर्थात येथे भाबडेपणा नको. रिझाल हे दापितानचे सर्वांत शिकलेले आणि बऱ्यापैकी जमीनदार झालेले गृहस्थ होते. मंडळी त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, गावाच्या गरजेतून आपोआप नव्हे. जुलै १८९६ अखेर ते दापितान सोडून गेले आणि ३० डिसेंबरला मनिलामध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एका माणसाच्या जोरावर उभी राहिलेली संस्था त्या माणसापुढे किती जाते, हा प्रश्न मग त्या देशाला सतत भेडसावत राहिला.

अमेरिकन राजवटीत १९०३ मध्ये मठवासी संघांच्या जमिनी सरकारने विकत घेतल्या, सुमारे चार लाख दहा हजार एकर, सत्तर लाखांहून अधिक डॉलर मोजून. त्या कसणाऱ्यांना मिळाव्यात असा हेतू सांगितला गेला. परंतु ज्यांच्याजवळ पैसा आणि ओळख होती त्यांनीच त्यांतील बराच भाग घेतला. १९५२ मध्ये कायदा करून सरकारने गावोगाव शेतकऱ्यांच्या सहकारी विक्री संस्था काढल्या. कर्ज वरून आले, पुढारी वरून आले, सभासदांना मात्र ही संस्था आपली आहे असे कधी वाटले नाही. बहुतेक संस्था थकबाकीत बुडाल्या. १९७० च्या दशकात नारळ उत्पादकांकडून त्यांच्याच कल्याणासाठी म्हणून उपकर वसूल केला गेला. त्या पैशातून बँक घेतली गेली, मोठ्या कंपनीचे समभाग घेतले गेले, आणि ते सत्ताधीशांच्या निकटवर्तीयांच्या ताब्यात राहिले. त्या निधीचा लाभ शेतकऱ्यांना द्यावा असा कायदा होण्यासाठी २०२१ साल उजाडले. तोवर २०१३ च्या महावादळाने तीन कोटींहून अधिक माड आडवे केले होते, आणि उपकर भरणारे कितीतरी शेतकरी कबरीत गेले होते.

जमीन सुधारणेचा कायदा १९८८ मध्ये आला. त्याची कसोटी तारलाक प्रांतातील लुइसिता या प्रचंड उसाच्या मळ्यावर लागली. तेथे १९८९ मध्ये कामगारांना जमिनीऐवजी कंपनीचे समभाग दिले गेले. नोव्हेंबर २००४ मध्ये संपावरील कामगारांवर गोळीबार होऊन सात जण ठार झाले. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन वाटण्याचा अंतिम आदेश दिला. सहा हजारांहून अधिक शेतकामगारांना हक्क मिळाला, आणि त्यांतील अनेकांनी भांडवलाअभावी ती जमीन पुन्हा दुसऱ्याला खंडाने दिली. तालेस जिंकला असता तर त्याचे काय झाले असते, याचे हे एक उत्तर आहे. जुलै २०२३ मध्ये जमीन मिळालेल्या सहा लाखांहून अधिक शेतकऱ्यांवरील सत्तावन्न अब्ज पेसोंच्या वर कर्ज सरकारला माफ करावे लागले.

परंतु याच देशात दुसऱ्याही कथा घडल्या, आणि त्यांपैकी एकीचा नायक धर्माध्यक्ष आहे. नेग्रोस बेटावरील बाकोलोदचे बिशप अन्तोनियो फोर्तिच यांनी साखरसम्राटांच्या त्या प्रांतात, काबांकालान भागातील डोंगराळ दाकोंगकोगोन खोऱ्यात, लहान शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारण्यास नेतृत्व दिले. बेन्हामिन गास्तोन हे त्यांचे सहकारी. या कामासाठी दोघांना १९७३ चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले. प्रवरानगरच्या कारखान्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला याचे मोल निराळे सांगायला नको. तालेसच्या कथेत शेतकऱ्याच्या दारी येणारा कारभारी मठाचा होता. येथे बिशपच शेतकऱ्यांसोबत कारखान्याच्या हिशेबाला बसला.

तरी १९८४-८५ मध्ये जगात साखरेचे भाव कोसळले तेव्हा नेग्रोसवर उपासमार आली. एका पिकाचे बेट एका पिकाबरोबर बुडाले. त्यानंतर तेथे जे सुरू झाले ते आम्हांला अधिक दूरदर्शी वाटते. गुळासारखी न शुद्ध केलेली 'मास्कोबादो' साखर छोट्या शेतकऱ्यांकडून घेऊन ती युरोप आणि जपानमधील ग्राहकांना रास्त दरात विकण्याची व्यवस्था उभी राहिली. १९८९ पासून डोंगरउतारावरील 'बालांगोन' जातीची केळी जपानच्या ग्राहक सहकारी संस्थांकडे जाऊ लागली. ती मळ्यातली नव्हती. परसात, रानाच्या कडेला, फवारणीशिवाय वाढलेली होती. केळीच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या वाचकांना हे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. पर्णगुच्छ रोगाचे नावही त्यांना सांगायला नको. तो तेथेही आला, आणि चांगला भाव देणारे एकच पीकही धोक्याचेच असते, हे लोकांना पुन्हा कळले.

येथे कादंबरीची दुसरी एक मर्यादा आठवते. तालेसच्या कथेत माती आहे, पण ती रक्ताने भिजलेली, कागदावर वादग्रस्त झालेली, शेवटी मेलेल्या स्त्रीच्या तोंडात कोंबलेली माती आहे. ती सजीव आहे, झिजते, थकते, पुन्हा बरी होते, याची जाणीव कथेत नाही. रान तोडल्यावर तो उतार किती पावसाळे टिकला असता, हा प्रश्न १८९१ च्या कादंबरीला विचारणे कदाचित अन्यायाचे होईल. पण आजच्या वाचकाला तो टाळता येत नाही, कारण फिलिपाईन्समध्ये जंगल गेलेल्या डोंगरउतारांवर लाखो गरीब कुटुंबे मका-भात पिकवतात, आणि वरची सुपीक माती प्रत्येक पावसात खाली जाते.

मिंदानाओमध्ये, आपो पर्वताच्या पायथ्याशी बान्सालान येथे, हॅरोल्ड वॉटसन या बाप्तिस्त मिशनऱ्याने १९७० च्या दशकात तेथील शेतकऱ्यांबरोबर एक पद्धत घडवली. तीन काठ्यांची, इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट आणि दोरीला बांधलेला दगड एवढ्या साधनाने उताराच्या समपातळीच्या रेषा आखायच्या. चार-पाच मीटरच्या अंतराने त्या रेषांवर नत्र धरून ठेवणाऱ्या झाडांचे दाट दुहेरी कुंपण लावायचे. ते छाटून पाला मधल्या पट्ट्यांत टाकायचा, आणि पट्ट्यांत आलटून पालटून धान्य, कडधान्य, कॉफी, केळी घ्यायची. माती कुंपणाशी अडते आणि काही वर्षांत उताराला आपोआप पायऱ्या पडतात. सुरुवातीला यासाठी सुबाभूळ वापरली जाई. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिच्यावर किडीची धाड आली, तेव्हा गिरिपुष्प आणि इतर झाडे पुढे आली. पंथभेद बाजूला ठेवून येथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे की तालेसच्या रानाला ज्या ज्ञानाची गरज होती ते एका बाप्तिस्त शेजाऱ्याने दिले. कॅथलिक बाजूने कागायान दे ओरो येथे येशूसंघीय फादर विल्यम मास्टरसन यांनी शेतकी महाविद्यालय उभारले आणि १९६४ मध्ये ग्रामीण नेतृत्वाच्या प्रशिक्षणाची संस्था काढली. सहकाराचे शिक्षण घ्यायला तेथे आशिया-आफ्रिकेतून लोक येत.

लोस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० पासून आहे, आणि १९६६ चे 'आयआर-८' हे भाताचे वाण तिथलेच. त्या वाणांबरोबर खत, औषध आणि कर्जही आले. १९८० च्या दशकाच्या मध्यास काही शेतकरी आणि शास्त्रज्ञ एकत्र आले आणि 'मासिपाग' ही संघटना जन्मली. तिच्या प्रयोगशेतांवर शेतकरी स्वतः भाताच्या जातींचा संकर करतात, निवड करतात, बियाणे एकमेकांना देतात. तालेसला जमिनीचा कागद विचारावा लागला. आता शेतकऱ्याला बियाण्याचा कागद कोणाकडे आहे हेही विचारावे लागते. या मंडळींनी ते ओळखले. त्यांच्या पद्धतीत उत्पन्न सुरुवातीला घटते, मजुरी वाढते, आणि एकट्या कुटुंबाला ती पहिली वर्षे झेपत नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून माती सुधारण्याचे काम आणि मंडळीचे काम एकमेकांपासून तोडता येत नाही, असे आम्हांला वाटते.

२००७ च्या ऑक्टोबरात बुकिद्नोन प्रांतातील सुमिलाओचे पन्नासच्या वर शेतकरी आपल्या १४४ हेक्टर जमिनीसाठी मनिलाकडे पायी निघाले. सुमारे १७०० किलोमीटर चालून ते डिसेंबरात पोचले. वाटेत देवळांनी आणि मठांनी त्यांना आसरा दिला; मनिलाचे कार्डिनल रोसालेस यांनी मध्यस्थी केली, आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्यांना जमीन मिळाली. त्यांच्या हातात बंदूक, कोयता, कुऱ्हाड यांपैकी काहीही नव्हते. आमच्या दृष्टीने हे 'एल फिलिबुस्तेरिस्मो'वरील सर्वोत्तम भाष्य आहे, आणि ते करणाऱ्यांनी समीक्षेचा शब्दही लिहिलेला नाही.

शेवटी कादंबरीच्या शेवटाविषयी एक शंका. सिमून मेल्यावर फादर फ्लोरेंतिनो त्याच्या रत्नांची पेटी समुद्रात फेकून देतात. या दृश्याची फार स्तुती झाली आहे, आणि अनीतीच्या धनाचा त्याग म्हणून ते भव्य आहेच. पण त्याच वेळी गावोगाव तालेस खंडापायी उद्ध्वस्त होत होते, हे आठवले की आमचे मन त्या लाटांपाशी थोडे अडखळते. योगायोग असा की कादंबरीनंतर एकाच वर्षाने, सप्टेंबर १८९२ मध्ये, हद्दपार रिझाल यांना सोडतीत अनपेक्षित धन मिळाले. त्यांच्या वाट्याला ६२०० पेसो आले. त्यांतील दोन हजार त्यांनी कालांबाहून बाहेर काढल्या गेलेल्या आपल्या वडिलांना पाठवले, दोनशे हाँगकाँगमधील एका मित्राला दिले, आणि उरलेल्या पैशांतून दापितानजवळ तालिसाय येथे समुद्राकाठची एक पडीक वाडी विकत घेऊन तिथे झाडे लावायला सुरुवात केली.